कराडची घोडी

वाचकहो, कराडला तुम्ही कधी ना कधी गेला असालच. कोर्टाची तारीख, दवाखाना, पोरीच्या लग्नाचा बस्ता, मोटारीचा एखादा सुटा भाग, नाहीतर नुसतेच घाटावर जाऊन कृष्णाबाईचे दर्शन. या ना त्या निमित्ताने आपल्या भागातला माणूस कराडच्या स्टँडवर उतरतोच. मीही चाळीस वर्षे उतरतो आहे. पण गेल्या फाल्गुनात ज्या कामासाठी उतरलो ते ऐकून तुम्ही म्हणाल, की म्हाताऱ्याला घरी काही उद्योग उरलेला दिसत नाही. मी घोडी करून घ्यायला गेलो होतो. वरातीतली घोडी नव्हे. लाकडाची, वीतभर लांबीची.

आता हे प्रकरण मुळापासून सांगतो.

माझा पुतण्या कराडला शिकायला असतो. खोली घेऊन राहतो, शनिवारी गावी येतो. आषाढातली गोष्ट. फोनवर मी त्याला सहज विचारले, ‘संध्याकाळी काय करतोस रे?’ तो म्हणाला, ‘पूल खेळतो, तात्या.’ माझ्या डोळ्यांपुढे कोयनेवरचा पूल उभा राहिला. चार दिवस पाऊस लागून होता, नदी लालभडक झाली होती. मी ओरडलोच, ‘पुलावर कशाला जातोस? पाणी वाढलंय!’ पलीकडून तो हसला. चांगला खदखदून हसला. वाचकहो, ते हसू मी तीन वर्षांनी ऐकत होतो, म्हणून रागवायचे विसरून गेलो.

तीन वर्षांपूर्वी त्याचा डावा हात कडबाकुट्टीत गेला. अंगठा आणि निम्मा तळवा राहिला, चार बोटे गेली. तिन्हीसांजेची वेळ, धारेची घाई, उसाचे ओले वाढे. मशिनच्या तोंडावर पत्र्याचे झाकण होते. ओली वैरण त्याला अडकते, पुन:पुन्हा मशिन बंद करावे लागते, म्हणून ते झाकण आदल्या महिन्यात मीच काढून गोठ्याच्या मागे ठेवले होते. हे मी घरात कुणापुढे कधी बोललो नाही, आणि त्यांनीही कुणी कधी काढले नाही. त्या दिवसानंतर मशिन बंद पडून राहिले. भाऊ आणि वहिनी आजपर्यंत कोयत्याने वैरण तोडत. चार दुभती जनावरे आहेत. वहिनींचा उजवा खांदा रात्रीचा ठणकतो. पण मशिन पुन्हा सुरू करू या, असे म्हणायचे धाडस कुणाला होत नव्हते.

पोरगा शाळेत कबड्डी खेळायचा. ते सुटले. हात सदऱ्याच्या खिशात घालून हिंडायची सवय लागली. फोटो काढायचा झाला की मागे उभा राहायचा. अशा पोराने ‘खेळतो’ म्हटल्यावर, ते काय आहे हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मला चैन पडेना.

तुम्हीही पाहिले नसेल, म्हणून सांगतो. पूल म्हणजे बिलियर्डच्या घराण्यातला खेळ. मोठे जड टेबल, त्यावर पाटीच्या दगडाची फरशी, तिच्यावर ताणून बसवलेली बनात. सहा ठिकाणी पिशव्या. हातात चार-पावणेपाच फुटांची काठी, पुढे निमुळती होत गेलेली, टोकाला चामड्याची टिकली. त्या काठीने पांढऱ्या गोटीला टोला द्यायचा आणि तिने रंगीत गोट्या पिशवीत घालायच्या. कॅरम खेळता ना? तसेच, पण बोटाऐवजी काठी.

हा सगळा साहेबाचा थाट, आपल्याला काय त्याचे, असे मलाही वाटले होते. पण तसे नाही. याच घराण्यातला स्नूकर नावाचा खेळ १८७५ साली आपल्या देशात, जबलपूरच्या छावणीत, कंटाळलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी पावसाळ्यात काढला. आणि बिलियर्डचे हौशी खेळाडूंचे जगज्जेतेपद भारतात पहिल्यांदा आणले ते १९५८ साली विल्सन जोन्स यांनी, पुण्यात जन्मलेल्या माणसाने. कलकत्त्याला ते जिंकले, आणि १९६४ साली न्यूझीलंडमध्ये पुन्हा जिंकले. कोणत्याही वैयक्तिक खेळात जगज्जेता झालेला हा पहिला भारतीय. आपल्या कराडकरांना याचे अप्रूप कमी वाटेल, कारण त्याच्या सहा वर्षे आधीच, १९५२ साली, कराडला लागूनच असलेल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी हेलसिंकीहून कुस्तीचे कांस्यपदक आणले होते. शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती तेव्हा. एक गोष्ट मातीतली, एक बनातीवरची; पण दोन्हींत हाताची पकड लागते.

आणि इथेच माझा जीव अडकला. एका दुकानाच्या माडीवर ती टेबले मांडलेली होती. गेलो, बाकावर बसलो. पोरे खेळताना पाहिली. उजव्या हाताने काठीचे बूड धरायचे. डावा हात पुढे टेबलावर टेकवायचा, बोटे पसरायची, आणि अंगठा उचलून बोटाच्या बुडाशी जी खाच होते तिच्यातून काठी मागेपुढे सरकवायची. खाच हलली की नेम गेला. म्हणजे मारणारा हात उजवा, पण सगळे अवलंबून डाव्यावर. नांगराचा फाळ खाली कितीही धारदार असू द्या, रुमण्यावरचा हात डळमळला की तास वाकडे जाणारच.

माझ्या पुतण्याकडे ती खाच करायला बोटेच नव्हती. तो काय करत होता? तिथे भिंतीला एक लांब दांडा टांगलेला होता, टोकाला पितळी फुलीसारखे काहीतरी. गोटी लांब असली, वाकूनही हात पोचेना, तेव्हा हा दांडा टेबलावर आडवा ठेवून त्याच्या फुलीत काठी टेकवायची. कारण या खेळात नियम असा, की टोला देताना एक पाय जमिनीवर पाहिजे. टेबलावर चढून बसता येत नाही. या दांड्याला इंग्रजीत जे नाव आहे त्याचा अर्थ पुन्हा पूलच! पूल खेळायला पूल. हे कळल्यावर मी आणि तो, दोघेही पुन्हा हसलो.

पण पाच फुटांचा तो दांडा जवळच्या गोटीला कसा चालावा? त्याचे मागचे टोक टेबलाच्या काठावर चढायचे, पुढची फुली वर उचलायची, मधल्या गोट्यांना धक्का लागायचा. धक्का लागला की डाव गेला. दहा टोल्यांपैकी सात-आठ जवळचेच असतात. पोरगा हरत होता, आणि तरी रोज जात होता. का, म्हणून मी विचारले. तो म्हणाला, ‘इथं हात खिशात ठेवून चालत न्हाई तात्या. बाहेर काढावाच लागतो.’

नंतर त्याने मोबाइलवर एका माणसाचा फोटो दाखवला. अमेरिकेतला जॉर्ज सटन. लहानपणी लाकडाच्या वखारीत करवतीखाली सापडून त्याचे दोन्ही हात कोपराखाली तुटले. तो पुढे बिलियर्डचा नामांकित खेळाडू झाला. लोक पैसे देऊन त्याचा खेळ बघायला यायचे. १९३८ साली तो वारला. मी तो फोटो बराच वेळ पाहिला. दोन्ही हात नसताना त्याने काठी कशी धरली, हे मला अजूनही नीट उमगलेले नाही. पण आमच्या पोराला तर एक हात सबंध होता आणि दुसऱ्याचा अंगठा होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे कराडात सुतार शोधायला निघालो.

कराड तुम्ही मोटारीने गेलात तर तुम्हाला महामार्ग आणि दवाखान्यांच्या पाट्या तेवढ्या दिसतील. खरे गाव पायी चालणाऱ्याचे. वारांच्या नावांच्या पेठा. त्यांतून वळत जाणारे बोळ. मध्येच आदिलशाही काळातल्या मशिदीचे दोन उंच मनोरे, जे गावात कुठेही हरवलात तरी दिशा सांगतात. जुन्या कोटाकडे गेलात तर नकट्या रावळाची विहीर आहे, तिच्या पायऱ्या एकदा उतरून बघा. विहीर खणायला उभ्या राहणाऱ्या आपल्यासारख्या माणसाला ते बांधकाम पाहून मान वर करावी की खाली घालावी कळत नाही. आणि उतार धरून चालत राहिलात की तुम्ही आपोआप घाटावर पोचता.

घाटाकडे उतरणाऱ्या अशाच एका बोळात मिस्त्री भेटले. वय सत्तरीच्या पुढे. दाराशी पोळपाट, लाटणी, रव्या, पाळण्याचे खूर, देव्हाऱ्याचे खांब. आत विजेवरचा लहान लेथ आणि भुश्श्याचा वास. मूळचे खेड्यातले, बलुत्यावर काम करणारे. वडील गाडीची चाके करत. उसाच्या वाहतुकीला रबरी टायरच्या डनलॉप गाड्या आल्या, लाकडी चाक बसले, तेव्हा हे कराडला आले.

मी काम सांगितले. त्यांना काही कळेना. मग पोराने खिशातून हात काढला, त्यांच्या कामाच्या फळीवर टेकवला आणि वरून लाटणे धरून, काठी कशी सरकते ते दाखवले. मिस्त्रींनी हात पाहिला. कसे झाले, कधी झाले, काही विचारले नाही. एवढेच म्हणाले, ‘म्हंजे घोडी पायजे तुला. तंबोऱ्याला असती तसली.’

वाचकहो, शेजारच्या मिरजेत तंबोरे आणि सतारी करणारी घराणी आहेत, ते तुम्हाला ठाऊक असेल. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे शेतकरी त्यासाठी खास कडू भोपळे पिकवतात. भाजीचा भोपळा तिथे चालत नाही. त्या तंबोऱ्याच्या भोपळ्यावर तारा ज्या लहानशा चौरंगावरून जातात त्याला घोडी म्हणतात. तिचा माथा कानशीने इतका हळुवार घासतात, की तार तिच्यावर नुसती टेकून गुणगुणली पाहिजे. मिस्त्रींनी तरुणपणी ते काम जवळून पाहिले होते. ‘त्येंची घोडी बोलाया पायजे,’ ते म्हणाले, ‘आन तुजी मुकी पायजे. कुरकुरली की काठी अडकंल.’

पहिली घोडी सागवानाची झाली. दिसायला फारच देखणी. पुढे उंचवटा, त्यावर एक खाच, मागे आमच्या पोराचा अंगठा अडकेल असे भोक. पण सागवान हलके पडले. टोला दिला की घोडी घसरायची. शिवाय खालची कड बोचरी राहिली होती. बनातीवर ओरखडा उठला आणि टेबलवाल्याने आम्हा दोघांना जे सुनावले ते इथे छापण्यासारखे नाही. त्याचेही बरोबर होते. ती बनात स्वस्त नसते.

दुसऱ्या घोडीच्या पोटात मिस्त्रींनी लोखंडी सळईचा तुकडा ठोकून बसवला, वजनासाठी. खाली बनातीचाच तुकडा चिकटवला. आता घसरत नव्हती, पण सळईच्या ठोक्याने लाकडाला बारीक चीर गेली. आठ दिवसांत खाच रुंदावली. मिस्त्री स्वतःवरच चिडले. ‘लाकडाच्या पोटात लोखंड घालाया नगं व्हतं. लाकूडच जड पायजे.’ मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘पाव्हणं, घरी जुन्या गाडीचा तुंबा हाय का कुटं पडल्याला?’

होता ना. आमच्या वडिलांची गाडी मोडून तीस वर्षे झाली. आरे चुलीत गेले, धाव लोहाराने नेली. पण एक तुंबा गोठ्याच्या मागे पडून होता. वहिनी त्यावर बसून पाय धुवायच्या. तुंबा कसा करतात हे आता नव्या पोरांना सांगावे लागते. बाभळीचे जुने खोड बघायचे, पांढरे लाकूड काढून टाकायचे, कारण त्याला भुंगा लागतो. लाल गाभा तेवढा घ्यायचा. ओंडका महिनोन्‌महिने पाण्यात बुडवून ठेवायचा, मग सावलीत वाळवायचा. उन्हात टाकला की तडकला. वर्ष-दोन वर्षांनी त्याला वाकस लावायचा. असे लाकूड दोन टनांची गाडी चाळीस पावसाळे पेलते.

तो तुंबा मी पोत्यात घालून एसटीने कराडला आणला. कंडक्टरने विचारले, ‘काय, नारळ काय?’ मी म्हटले, ‘घोडी हाय.’ त्याने माझ्याकडे एकदा बघितले आणि पुढे गेला.

मिस्त्रींनी तुंबा हातात घेतला, नखाने टकटक केले, ओलसर फडक्याने पुसून रंग पाहिला. मग करवत लावली. तुम्हाला सांगतो, जुन्या बाभळीला करवत लागते तेव्हा चाकवताच्या भाजीला फोडणी बसावी तसा आवाज येत नाही. दगडावर पाते घासल्यासारखा येतो. दोनदा त्यांनी पात्याला कानस मारली. आऱ्यांची भोके चुकवत, दोन भोकांच्या मधला सलग भाग त्यांनी काढला. वीतभर लांब, चार बोटे रुंद. लेथ या कामाला लावलाच नाही. पटाशी, कानस, मग पॉलिश पेपर, तोही आधी जाड, मग बारीक. या वेळी खाचा दोन केल्या. एक खालची, सरळ टोल्यासाठी. एक वरची, मध्ये दुसरी गोटी आडवी असली तर तिच्यावरून मारण्यासाठी. खाच वर रुंद आणि खाली निमुळती, पण तळाला टोकदार नाही, गोल. टोकदार केली तर काठी चिमटते. अंगठ्याच्या भोकाला तर त्यांनी पोराला तीनदा बोलावून माप घेतले. शेवटी मेणबत्तीचा तुकडा खाचेत घासला, फडक्याने पुसला, आणि एक वेळूची काठी तिच्यातून मागेपुढे सरकवून कान लावून ऐकले. घोडी मुकी होती.

दोनशे रुपये घेतले. पहिल्या दोन्हींचे पैसे घेईनात. म्हणाले, ‘त्या मी शिकलो त्याच्या.’

त्या संध्याकाळी मी मुद्दाम माडीवर गेलो नाही. मी समोर बसलो की पोरावर दडपण येते. मी संगमावर जाऊन बसलो. तुम्ही प्रीतिसंगम पाहिला असेल तर ठाऊक असेल. कृष्णा आणि कोयना दोघी महाबळेश्वरच्या डोंगरातल्याच, पण निरनिराळ्या वाटांनी येतात आणि इथे समोरासमोर येऊन भिडतात. बाकीच्या नद्या एकमेकींना तिरप्या येऊन मिळतात. या दोघी थेट तोंडासमोर. मग दोघी मिळून पूर्वेला वळतात आणि सांगलीकडे निघतात. काठाला यशवंतरावांची समाधी आहे, बाग आहे, चिरमुरेवाले आहेत. फाल्गुनात पाणी संथ असते. मी तिथे दिवे लागेपर्यंत बसलो होतो.

पोरगा चालत आला. जिंकला का, विचारले. ‘न्हाई,’ म्हणाला. पण शेवटच्या गोटीपर्यंत गेला होता. समोरच्या एका पोराने तक्रार केली म्हणे, की ही घोडी म्हणजे सवलत झाली, आम्हाला का नाही? नियमात खेळाडूला आपला स्वतःचा टेकू आणायची मुभा आहे, फक्त तो नेहमीच्या टेकूसारखा असावा लागतो. पण आमच्या पोराने नियम काढला नाही. घोडी त्याच्यापुढे सरकवली आणि म्हणाला, ‘घे, तू खेळ हिच्यावर.’ त्या पोराने चार टोले मारून बघितले, चारही चुकले. सबंध बोटे असणाऱ्याला घोडीची सवय नसते. तक्रार तिथेच संपली, आणि पुढच्या रविवारी तोच पोरगा याला जोडीला घेऊन खेळला.

हे सगळे झाल्यावर मी मिस्त्रींकडे एकटाच पुन्हा गेलो. तुंब्याचे थोडे लाकूड उरले होते. मी म्हटले, ‘मिस्त्री, अजून एक काम हाय. वैरण ढकलायचा दांडा पायजे. हातभर लांब, पुढं रुंद फळी.’ ते माझ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, ‘हातभर न्हाई. दीड हात करतो.’ पुढची फळी बाभळीची, दांडा सागवानाचा. फळी मशिनच्या गव्हाणीत आत जाईल, पण रोलरपर्यंत पोचणार नाही, असे माप मी दोरीने घेऊन गेलो होतो.

गावी आल्यावर गोठ्यामागचे झाकण काढले. गंज खरवडला, तेल लावले, चारही नटबोल्ट नवे आणून बसवले. भाऊ ओट्यावर बसून बघत होता. मी त्याला म्हटले, ‘हे झाकण मी काढलं होतं.’ तो म्हणाला, ‘म्हाईत हाय.’ आणि तंबाखू मळत राहिला.

शनिवारी पुतण्या आला. वहिनींनी मक्याची ताटे आणून ठेवली होती. मशिन पुसलेले, झाकण बसवलेले, उलटे फिरवायचा दांडा तेलात भिजवलेला. मी लाकडी ढकलणा हातात घेऊन उभा होतो. बटण कुणी दाबायचे, हे कुणीच बोलत नव्हते. वहिनी दारात उभ्या होत्या, पदर तोंडाशी धरून.

पोरगा पुढे आला. ढकलणा त्याने माझ्या हातातून काढून घेतला आणि दांड्याच्या बुडाला अंगठ्यासाठी भोक आहे का, ते बघू लागला. होते. मिस्त्रींनी न सांगता पाडले होते.

मग त्याने बटण दाबले.